ऑक्टाव्हिया आरएसला डिझेल ऑक्टाव्हियाचा गिअरबॉक्स बसवू का?

एमएच१३_टर्बो, जुळे सोलापूर

मंडळी, गाडी २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. १.८ टर्बो पेट्रोल, १५० पीएस, पाच गिअर. मी तिसरा मालक. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग करून घेतलंय, कागद साफ आहेत, इंजिन अजून तरणंबांड आहे. दुखणं गिअरबॉक्सचं.

दुसऱ्यावरून तिसरा जरा झपकन टाकला की करकरतो. हळू, लाडीगोडीनं टाकला तर निमूट जातो. न्यूट्रलला उभी असताना क्लचवरचा पाय काढला की घरघर सुरू, पाय ठेवला की बंद. डाव्या शाफ्टचं ऑइल सील आधीच्या मालकाच्या काळापासून गळत असणार, कारण मी ऑइल उतरवलं तेव्हा जेमतेम लिटरभर निघालं.

आता माझ्यापुढे तीन रस्ते आहेत. दिल्लीच्या मायापुरीतला एक जण याच गाडीचा बॉक्स देतो म्हणतो, ४५,००० रुपये, ट्रान्सपोर्ट वेगळं, परत घेणार नाही. व्हिडिओ पाठवलाय, त्यात बॉक्स जमिनीवर पडलेला दिसतो आणि मागे कुणीतरी चहा पितंय, बाकी काही कळत नाही. दुसरा पुण्याच्या कटिंगवाल्याकडे, म्हणजे जुन्या गाड्या तोडून पार्ट विकणाऱ्याकडे, पडलेला १.९ टीडीआय (डिझेल) ऑक्टाव्हियाचा. तो १४,००० ला देतोय आणि माझा मेकॅनिक छातीठोक सांगतो, "डिट्टो बसतो साहेब, डोळे झाकून घ्या." तिसरा रस्ता म्हणजे आहे तोच उघडून दुरुस्त करणं. पण इथे 'उघडतो' म्हणणारे पुष्कळ, 'परत नीट बसवतो' म्हणणारा कुणी भेटेना. देशोदेशीच्या गाड्यांचे कॅमशाफ्ट आपल्या सोलापुरात ओतले जातात आणि एक गिअरबॉक्स उघडायला आपण हातात नारळ घेऊन फिरायचं!

वापर सांगतो. गावात ही गाडी काढतच नाही, त्यासाठी स्कूटर आहे. पुण्याला जाणं-येणं बऱ्यापैकी, अधूनमधून विजापूर रोडला. शंभरला पाचव्यात आरपीएमचा काटा पावणेतीन हजारावर असतो. टायर २०५/५५ आर १६.

डिझेलचा बॉक्स खरंच बसतो का? आणि बसला तर गाडीची मजा जाते का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला जास्त हवंय.

घाटमाथा_६, पुणे

भाऊ, एवढा खर्च करतोच आहेस तर पाच गिअरच्या नादाला लागूच नकोस. स्कोडाच्याच लॉरा २.० टीडीआयचा सहा गिअरवाला उचल. इकडे कटिंगला आलेल्या लॉरा दिसतात बऱ्याच. १५० पीएसला सहा गिअर म्हणजे गाडी वेगळीच होऊन जाईल. केसिंगपण दणकट असतं त्याचं.

लेथवाले_काका, अक्कलकोट रोड एमआयडीसी

सहा गिअरवाल्याचं आधी निकालात काढतो. लॉरा पुढच्या पिढीची गाडी. तिचा बॉक्स या गाडीत घालायचा म्हणजे माउंट वेगळे, ड्राइव्हशाफ्ट वेगळे, शिफ्टरच्या केबल वेगळ्या, क्लच-फ्लायव्हील वेगळं. तुझ्या बॉक्सला क्लचचा सिलिंडर बाहेरून लागतो, त्या सहावाल्याचा बेअरिंगसकट आत असतो. पुण्यात हे सगळं करून देणारे असतील, नाही असं नाही. पण तो गिअरबॉक्स बदलणं नव्हे, ते घर पाडून बांधणं झालं. उद्या कुणी 'पहिल्या सुपर्बचा घे' म्हणेल, त्यालाही हात जोड. त्या गाडीत इंजिन उभं बसतं, बॉक्स लांबीत जातो, तुझ्यात आडवा.

आता तुझ्या मेकॅनिकचं. 'डिट्टो बसतो' हे तो खरं बोलतोय, आणि म्हणूनच ते ऐकताना सावध राहायचं. १.८ टर्बो काय आणि १.९ टीडीआय काय, दोन्हीला ०२जे याच घराण्याचा पाच गिअरचा बॉक्स. बोल्ट जुळतात, केबल जुळतात. शेजारी शेजारी ठेवले तर बाहेरून मलाही सांगता येणार नाही कुठला कुणाचा. फरक आतल्या दातांच्या हिशोबात आहे.

या घराण्यात टर्बो पेट्रोलला फायनल ड्राइव्ह (गिअरच्या पुढची, चाकाकडे जाणारी शेवटची दातांची जोडी) ३.९४ मिळतो आणि डिझेलला ३.३९. कोडनुसार आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण तुझा शंभरला पावणेतीन हजार आहे त्यावरून तुझा ३.९४ वालाच आहे, हे मी कागदावर मांडून पाहिलं. तुझ्या टायरचा एक फेरा १.९८ मीटरचा. शंभरच्या वेगाला चाक मिनिटाला ८४० फेरे घेतं. पाचव्याचं गुणोत्तर ०.८४, त्याला ३.९४ ने गुणलं की ३.३, आणि ८४० गुणिले ३.३ म्हणजे २,७७० आरपीएम. जमलं.

हाच हिशोब डिझेलच्या बॉक्सला लाव. त्याचा पहिला ३.७८, तुझा ३.३०. फायनल ड्राइव्हनं गुणल्यावर तुझा होतो १३ आणि त्याचा १२.८. म्हणजे सिग्नलवरून गाडी काढताना तुला काडीचा फरक कळणार नाही, आणि इथंच माणूस फसतो. गॅरेजच्या दारात एक चक्कर मारतो, 'वा, मस्त' म्हणतो, पैसे देतो. फरक वर चढत जातो. तिसरा दहा टक्क्यांनी लांबतो, म्हणजे त्याच वेगाला इंजिन तेवढं हळू फिरतं. चौथा जवळजवळ वीस टक्क्यांनी. डिझेलचा चौथा ०.९७, गुणिले ३.३९, उत्तर ३.२९. हा आकडा ओळखीचा वाटतो का? हा तुझा आत्ताचा पाचवा आहे. म्हणजे त्याच्या चौथ्यात तू तुझ्या पाचव्यात असशील, आणि त्याचा पाचवा हा तुझ्या गाडीत नसलेला सहावा. शंभरला २,१५० आरपीएम.

मजा जाते का, हे तू विचारलंस. तुझ्या इंजिनाचा २१० एनएमचा जोर १,७५० ला सुरू होतो. शंभरला २,१५० म्हणजे जोराच्या आत आहेस, गाडी कुंथणार नाही. पण ऊस सुरू झाला की मोहोळ ते टेंभुर्णी काय चालतं तुला ठाऊक आहे. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागे लाइट नाही, उसाची टोकं दोन्ही बाजूंनी लोंबतायत, त्याच्यामागे तू ऐंशीवर आलास. आज तुझा काटा ऐंशीला २,२०० वर असतो, पाय दाबला की गाडी निघते. डिझेलच्या पाचव्यात तो १,७२० वर असेल, टर्बो नुकता आळस देतोय. चौथा टाकावा लागेल. प्रत्येक वेळी. ही कटकट वाटते की नाही ते तुझं तू ठरव. माझ्या मते ज्यानं आरएस घेतली त्यानं डिझेलचे दात घालून ती चालवू नये. पण हे झालं माझं मत, आणि मी गाडी कमी चालवतो, दात जास्त मोजतो.

दिल्लीवाल्याचं: व्हिडिओ बघून बॉक्स घ्यायचा नसतो. त्याला सांग, बेलहाउसिंगच्या (इंजिनाला जोडणाऱ्या तोंडाच्या) खालच्या अंगाला तीन अक्षरी कोड ठोकलेला असतो, पुढे तारखेचे आकडे. तिथं तेलाचा राप बसलेला असणार. रॉकेलच्या फडक्यानं पुसायचं, वर खडू घासायचा, मग अक्षरं उठून दिसतात. तेवढा एक फोटो पाठव म्हणावं. ती तीन अक्षरं तुझ्या सर्व्हिस बुकातल्या किंवा डिकीत स्टेपनीजवळच्या स्टिकरशी ताडून बघ. फोटो द्यायला कुरकुर करत असेल तर विषय तिथंच मिटला. आणि कुणाकडूनही घे, पावती घे.

पुण्याचा बघायला गेलास तर कोडवरही विसंबू नको, आत कुणी काय अदलाबदल केलीय सांगता येत नाही. मोजून बघ. जुनी क्लच प्लेट बरोबर ने, ती इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (उभ्या खाचांवर) चढव, कडेवर खडूची रेघ मार. एका बाजूच्या फ्लँजला (ड्राइव्हशाफ्ट जिथं लागतो त्या तबकडीला) बोल्टमधून पहार अडकवून ती घट्ट धर. पाचवा टाक. आता क्लच प्लेट हातानं फिरव आणि मोकळ्या फ्लँजचे दहा फेरे मोज. एक बाजू अडवली की दुसरी दुप्पट फिरते, डिफरन्शियलचा तोच धर्म, म्हणून आकडा निम्मा येतो. तुझ्यासारखा बॉक्स असेल तर प्लेटचे साडेसोळा फेरे, डिझेलचा असेल तर पावणेतेराच्या आसपास. पहिल्या गिअरमध्ये मोजत बसू नको. तिथं एकाचे ६५ आणि दुसऱ्याचे ६४ येतात, आणि पन्नासाच्या पुढं कटिंगवाला तुझ्याशी गप्पा मारायला लागतो.

आता माझा प्रश्न. जे लिटरभर ऑइल निघालं ते फेकलंस का? त्यात काय दिसलं ते सांग. सोनेरी चकाकी, की लोखंडाचे कपचे?

एमएच१३_टर्बो

काका, नमस्कार. एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

ऑइल ठेवलंय, पाण्याच्या जुन्या कॅनमध्ये. उन्हात धरलं तर सोनेरी झाक दिसते, रंगात जरीची पूड कालवावी तशी. आत चुंबक फिरवलं, त्याला काळा मऊ लगदा चिकटला, बोटांत चोळला तर खरखर लागली नाही. कपचा एकही नाही.

दिल्लीवाल्याकडे कोडचा फोटो मागितला. आधी म्हणाला "सर, सेम है, गॅरंटी," मग म्हणाला माल गोडाऊनला आहे, मग फोन उचलणं बंद. पुण्याचा मात्र सरळ माणूस वाटला. स्वतःच म्हणाला की डिझेलचा आहे, पेट्रोलला लावणार असाल तर विचार करून घ्या.

टीडीआय_पण_पेट्रोल, बार्शी

काकांशी थोडा वाद घालतो, रागावू नका.

माझ्याकडे हेच केलेलं आहे. आरएसच, तिला टीडीआयचा बॉक्स, आणि बरेच पावसाळे झाले. बसवला तेव्हा परिस्थिती अशी होती की दुसरा पर्याय मिळत नव्हता, आणि आता कुणी ओरिजिनल फुकट दिला तरी मी बदलणार नाही. पुण्याला किंवा हैदराबादला जाताना गाडी इतकी शांत चालते की बायको पहिल्यांदा म्हणाली, "बंद पडली की काय?" पेट्रोलही कमी पितं. काकांनी ऐंशीचं सांगितलं ते बरोबर आहे, पण हात आपोआप चौथ्याला जातो हो, सवयीचा भाग आहे. चौथ्यात तुम्ही तुमच्या जुन्या पाचव्यातच असता, त्यात गमावलं काय?

जिथं खरंच खटकतं ती जागा वेगळी आहे. येडशीच्या घाटात. दुसऱ्यात इंजिन ओरडतं आणि तिसरा टाकला की गाडी सुस्तावते, मधला एक गिअर कुणीतरी चोरून नेल्यासारखा. वळण जवळ आलं की दुसरा का तिसरा, दुसरा का तिसरा. पण सोलापूर-पुण्याच्या सपाट रस्त्याला हे दुखणं येतच नाही.

अजून एक. लोक घाबरवतात की स्पीडोमीटर चुकीचा दाखवेल. नाही दाखवत. सेन्सर डिफरन्शियलवरून फिरतो, म्हणजे चाकाबरोबर. आत फायनल ड्राइव्ह कुठलाही असो. मी जीपीएसशी लावून बघितलंय. फ्लँज मात्र मोजून घ्या. या बॉक्सना १०० मिमीचे पण येतात आणि १०८ चे पण. माझ्या डिझेलवाल्याला वेगळे निघाले, माझ्या जुन्या बॉक्सचे काढून लावले, अर्ध्या तासाचं काम.

लेथवाले_काका

रागावायचं काय त्यात? तुम्ही चालवून बोलताय, मी मोजून बोलतोय. घाटातली गोष्ट तुम्ही लिहिलीत ती आकड्यात मला दिसत होती, पण अशी सांगता आली नसती. आणि हायवे शांत हवा असेल तर तुमचंही बरोबर.

पण आता पोराचं ऑइल बघितल्यावर मी बॉक्स बदलायच्याच विरोधात आहे.

सोनेरी झाक म्हणजे पितळ. पितळ येतं सिंक्रो रिंगमधून, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्हींचा वेग जुळवणाऱ्या कड्यातून. तिसरा करकरतो, त्याच्याशी जुळतं. न्यूट्रलला क्लच सोडला की घरघर, दाबला की बंद, हे इनपुट शाफ्टचं बेअरिंग. कारण क्लच दाबला की तो शाफ्ट थांबतो. रिलीज बेअरिंग असतं तर उलटं झालं असतं. काळा लगदा या वयात सगळ्यांकडेच निघतो. कपचे नाहीत याचा अर्थ दात शाबूत आहेत. मग दात शाबूत असलेला, तुझ्या गाडीसाठीच केलेला बॉक्स टाकून दुसऱ्याचा अज्ञात बॉक्स कशाला घ्यायचा? ज्याचं सील गळत होतं का, कुणी वंगणाशिवाय पळवला का, हे त्याचं त्यालाच माहीत.

पुण्याचा घेच, पण पार्ट काढायला. १४,००० जास्त वाटतात, दहाला मागून बघ. तिसऱ्याचा हब आणि स्लीव्ह चांगले असतील तर ते वापरू, सिंक्रो रिंग आणि बेअरिंगं मात्र नवीनच घ्यायची. लोक विचारतात, मग डिझेलचा नुसता फायनल ड्राइव्ह बदलून घेऊ का? तसं होत नाही. त्याचं लहान पिनियन आउटपुट शाफ्टलाच कापलेलं असतं, शाफ्टसकट जोडी बदलावी लागते. पाचवा मात्र सुटा आहे. केसिंगच्या बाहेर, टोकाच्या झाकणाखाली बसतो, बॉक्स गाडीत असतानाही बदलता येतो. म्हणजे बार्शीकरांसारखी शांतता हवीशी वाटली तर तुझ्या बॉक्सला डिझेलच्या पाचव्याची जोडी लावायची. ०.७६ गुणिले ३.९४, झाले ३. शंभरला अडीच हजार. बाकीचे चार गिअर जसेच्या तसे, घाटात चोरी नाही. हा रस्ता कुणी सांगत नाही, कारण यात बॉक्स विकला जात नाही.

बॉक्स उघडलाच आहे तर एक काम चुकवू नको. या घराण्यात डिफरन्शियलची मोठी गरारी रिव्हेटनं बसवलेली असते. जोर वाढवलेल्या किंवा चाकं जागेवर फिरवलेल्या गाड्यांत रिव्हेटचं डोकं तुटतं आणि केसिंगला भोक पाडून बाहेर येतं, म्हणजे मग दुरुस्त करायला काही उरत नाही. रिव्हेट ड्रिलनं काढायचे आणि तिथं हाय-टेन्साइल बोल्टचा किट लावायचा. किट ऑनलाइन मिळतो. ड्रिलिंग मी करून देतो, ते हातमशिनवर करायचं काम नाही, भोक वाकडं गेलं तर गरारी डुलते.

दुसरं, शिम, म्हणजे बेअरिंगखालची मापाची पातळ चकती. आतली टेपर बेअरिंगं शिमवर बसतात आणि शिमची जाडी त्या त्या केसिंगच्या मापाची असते. म्हणून पुण्याच्या बॉक्सचं केसिंग वापरायचं नाही, तुझंच ठेवायचं. बेअरिंग नवं घातलं की शिम पुन्हा मोजावी लागते. आपल्याकडे 'हातानं फिरवून बघितलं, बरोबर वाटतंय' असं म्हणून झाकण लावतात आणि सहा महिन्यांत घरघर परत. डायल (बारीक माप दाखवणारं घड्याळ) लावून मोजणारा माणूस हवा. आमच्या शेजारच्या गाळ्यात आहे, लूमच्या गिअरबॉक्सवर हात बसलाय त्याचा, गाडीवाल्यांपेक्षा बरा.

ऑइल भरताना पंपावरचं नव्वद नंबर नको. डब्यावर जीएल-४ हा दर्जा लिहिलेलं, ७५डब्ल्यू-९०, सिंथेटिक, दोन लिटर. जीएल-५ लिहिलेलं महागडं कुणी गळ्यात मारेल. त्यातली रसायनं पितळाला सोसत नाहीत आणि सिंक्रोला लागणारी पकडही कमी होते.

एमएच१३_टर्बो

ठरलं, माझाच उघडायचा. पाचव्याचं डोक्यात घोळतंय, पण आधी आहे तसाच बसवतो. पुणेकर ११ ला तयार झाला.

क्लचचं काय करू? फ्लायव्हील ड्युअल मासचं (दोन तबकड्या, मध्ये स्प्रिंग) आहे, त्याची किंमत ऐकून खाली बसलो. मेकॅनिक म्हणतो, बॉक्स उतरलाच आहे तर सगळं नवीन टाका.

लेथवाले_काका

प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग नवीन टाक, तिथं मेकॅनिक बरोबर आहे. मजुरी एकदाच पडते. फ्लायव्हील लगेच बदलू नको. बाहेरची तबकडी हातानं दोन्ही बाजूंना फिरवून बघ. स्प्रिंगचा जोर लागून ती परत जागेवर येत असेल आणि आतबाहेर खुळखुळत नसेल तर चालू दे. ग्रीस बाहेर फेकलेलं दिसलं किंवा सैल फिरली तर खर्चाला पर्याय नाही. क्रँकचं मागचं सील तेवढं बदलून घे, पुन्हा तिथं हात पोचणार नाही.

बॉक्स आणताना दोन्ही आण, टेम्पोत आडवे टाकू नको, टायरवर ठेव. रिव्हर्सचा स्विच आणि स्पीड सेन्सर आधीच काढून घरी ठेव, वाटेत प्लॅस्टिक तुटतं. सकाळी अकराच्या आत ये, दुपारी आमच्या पत्र्याखाली डायल बघण्याइतकं डोकं कुणाचं थंड राहत नाही.